अर्धा तागा कापत नाहीत

मी तोंडाची फटकळ आहे. चाळीत, ऑफिसात, भाजीवाल्याकडे, सगळीकडे माझी हीच ख्याती. त्यामुळे हे जरा शांतपणे, समजूतदारपणे लिहू असं ठरवून बसले होते, पण दोन ओळींतच कळलं की ते आपल्याच्याने व्हायचं नाही. ज्या गोष्टीचा मला आजही राग येतो आणि रागाच्या दुप्पट वाईट वाटतं, ती मी चिडचिड करतच सांगणार. ऐकायचं तर ऐका.

गोष्ट माझ्या दादाची. माझ्याहून बराच मोठा. मिलमध्ये साच्यावर होता, म्हणजे मागावर कापड विणायला. पण बदली कामगार. रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कुणाची दांडी झाली असली तर त्याच्या जागी आत जायचं, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी परत यायचं. अशी वर्षंच्या वर्षं काढली त्याने. शेवटी एकदाचा कायम व्हायला नंबर लागला, आई सत्यनारायण बोलली, आणि संप झाला. पुढचं काय सांगायचं? गिरणगावात ज्याच्या त्याच्या घरी तेच. संप कुणी मागे घेतला नाही, मिटवलाही नाही, आणि लोकं मात्र देशोधडीला लागली. दादा रे रोडला लाकडाच्या वखारीत लागला, मग शिवडीला गोदामात, मग एका सोसायटीत रखवालदार, मग परत वखारीत. सगळीकडे टेम्परवारी. नवीन काम लागलं की आई पहिला प्रश्न विचारायची, "हंय तरी कायम करतीत मां रे?" आणि दादा म्हणायचा, "बघू."

लग्न त्याने केलं नाही. कायम झालो की करू म्हणायचा. मग ते म्हणणंही बंद केलं.

संपाला दहाएक वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून एका लहानशा कंपनीत लागले होते. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतून चालत दहा मिनिटांवर, एका बंद कारखान्याच्या गाळ्यात ऑफिस. काम असं की लोकांचे कॅटलॉग, किमतींच्या याद्या, सूचीपुस्तकं टाईप करून, नीट लावून छापखान्याला पाठवायची. त्यासाठी साहेबांनी कुठल्याशा बड्या ऑफिसने टाकून दिलेलं एक युनिक्सचं यंत्र स्वस्तात उचललं होतं. एक मोठं कपाट, त्याला जोडलेली हिरव्या अक्षरांची टर्मिनलं, आणि त्या कपाटाची मर्जी सांभाळायला मी. यंत्रासाठी एसी होता. आमच्यासाठी पंखासुद्धा नव्हता.

टायपिस्ट हवे होते तेव्हा मीच साहेबांच्या मागे लागले. दादाने संपाच्या काळात वेळ जात नाही म्हणून लालबागला टायपिंगचा क्लास केला होता, इंग्रजीची परीक्षाही पास झाला होता. साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "तू म्हणतेस म्हणून ठेवतो. टेम्पररी. गणपतीपर्यंत बघू, स्पीड आला तर कायम करून पत्र देतो." दादाने ते ऐकलं आणि जिना उतरताना मला विचारलं, "पत्र म्हणजे कागदावर?" मी म्हटलं, नाहीतर काय केळीच्या पानावर? तो हसला. त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. त्याचा किती लागला असेल ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही.

आणि स्पीड काही येईना.

दोष त्याचा नव्हता, हे मी देवाशपथ सांगते. दोष त्या यंत्रावरच्या एडिटरचा. एडिटर म्हणजे ज्यात मजकूर टाईप करायचा, दुरुस्त करायचा, तो प्रोग्राम. आजच्या पोरांना वाटेल, त्यात काय, पडद्यावर पान दिसतं, बोट ठेवायचं, चूक सुधारायची. आमच्या त्या म्हाताऱ्या यंत्रावर पान दिसायचंच नाही. तो एडिटर ओळीओळीने चालायचा. विसावी ओळ बघायची तर विसाचा आकडा मारायचा, मग ती एकच ओळ उमटायची. वरची काय, खालची काय, सगळं डोक्यात ठेवायचं. आणि चूक झाली तर एक प्रश्नचिन्ह यायचं. काय चुकलं, कुठे चुकलं, काही नाही. नुसतं प्रश्नचिन्ह. मेल्याला एवढं तरी बोलता येत होतं म्हणायचं!

दादा आठवडाभर त्याच्याशी झगडला. मग एक दिवस मला म्हणाला, "काय गं हे? कापड न बघता विणायचं?"

मी कपाळाला हात लावला. कारण बरोबर होतं त्याचं. बाकीचे टायपिस्ट पहिल्यापासून त्याच एडिटरवर शिकलेले, त्यांना दुसरं काही माहीतच नव्हतं. ह्याचे डोळे मात्र कापडावरचे. धागा तुटला की लांबून दिसायला हवा, तो माणूस एका ओळीवर काय करणार?

माझ्याबरोबर डिप्लोमा केलेला एक जण एका शिक्षणसंस्थेत नोकरीला होता. त्याच्याकडे पडदाभर मजकूर दाखवणारा एक एडिटर होता, फुकट वाटलेला, पण सोर्सच्या रूपात. म्हणजे कसं, लालबागला मसाल्याच्या गल्लीत तयार मसाला पुडीत मिळतो, किंवा मिरच्या, धणे, खडा मसाला घेऊन स्वतः भाजून मसाला कुटायच्या डंखावर कांडून आणायचा. सोर्स म्हणजे तो दुसरा प्रकार. प्रोग्राम लिहिलेला असतो माणसाच्या भाषेत, तो आपल्या यंत्रावर कंपायलरमधून काढून यंत्राच्या भाषेत करून घ्यायचा. जमला तर घरचा मसाला. नाही जमला तर नुसता ठसका.

मला ठसकाच लागला, कितीतरी दिवस.

पहिलं म्हणजे आमच्या यंत्राला फाईलचं नाव चौदा अक्षरांपर्यंतच कळायचं. त्यापुढचं ते मुकाट्याने कापून टाकायचं. सोर्समधल्या दोन फायलींची नावं शेवटच्या अक्षरांत वेगळी होती, त्यामुळे एकीच्या डोक्यावर दुसरी जाऊन बसली आणि पहिली गायब. मला वाटलं फ्लॉपी खराब. दोनदा मी त्या मित्राकडे नव्या फ्लॉप्या मागायला गेले, त्याला फोनवर चार शब्द सुनावले, आणि मग कळलं की गडबड आमच्याच घरात आहे. माफी मागायला गेले तेव्हा तो म्हणाला, "राहू दे, तू माफी मागतेस त्याची जास्त भीती वाटते."

मग भाषेचा घोळ. लिहिणारे कुठले कोण परदेशातले, त्यांची सी, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, नव्या वळणाची, आणि आमचा कंपायलर जुन्या जमान्यातला. नव्या पद्धतीने लिहिलेली प्रत्येक ओळ तो परत माझ्या तोंडावर फेकायचा. चुकांची यादी पडद्यावरून धो धो वाहायची. मी एकेक फाईल उघडून त्या ओळी जुन्या पद्धतीने लिहीत बसले. आणि कशात लिहीत होते? त्याच प्रश्नचिन्हवाल्या एडिटरमध्ये! त्याचाच गाशा गुंडाळायचं काम त्याच्याचकडून करून घेत होते. तो आणखी प्रश्नचिन्हं फेकायचा आणि मी त्याला तोंडभर शिव्या द्यायचे, मालवणी, अस्सल. ऑफिसातल्या कुणाला कळायच्या नाहीत. दादाला कळायच्या. तो आपल्या टर्मिनलमागून खोकायचा.

कंपायल लावलं की सगळ्या ऑफिसचं यंत्र रांगायला लागायचं. बाकीचे ओरडायचे. एक बटण दाबलं तर अक्षर चहा पिऊन यायचं. म्हणून मी ते जेवणाच्या सुट्टीत लावायचे. सगळे डबे उघडून बसलेले आणि मी कपाटासमोर. दादा अर्धी भाकरी आणि सुकट माझ्या हातात आणून ठेवायचा, विचारायचा, "दळण झालं का?" मी म्हणायचे, "गिरणी बंद आहे." असला विनोद आमच्याच घरात व्हायचा. बाहेरच्याने केला असता तर दादाने त्याला फोडला असता.

शेवटी सगळे तुकडे जुळले आणि यंत्र म्हणालं, प्रोग्राम फार मोठा आहे, मावत नाही. मी रडायच्या बेताला आले. मग छाटायला बसले. मदतीची पानं काढली, रंगांचं काढलं, ज्या टर्मिनलांचं तोंड आम्ही आयुष्यात बघणार नव्हतो त्यांची माहिती काढली. मावला. चालवला तर सगळ्या ओळी पडद्याच्या वरच्या टोकाला एकावर एक चढल्या. आमच्या टर्मिनलला वर जा, खाली ये, पुसून टाक हे कुठल्या खुणेने सांगायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. ते टर्मिनलच्या पुस्तकातून शोधून एकेक लिहिलं. आणि एका शनिवारी दुपारी पूर्ण पान पडद्यावर आलं. वरपासून खालपर्यंत. स्थिर.

मी दादाला हाक मारली. तो आला, उभ्यानेच बघत राहिला. कर्सर खाली नेला, वर आणला, परत खाली नेला. म्हणाला, "आता दिसतंय." मग खुर्ची ओढून बसला तो उठेचना. मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन सगळ्यांसाठी बटाटवडे आणले. खरं सांगते, त्यानंतर मी पुष्कळ मोठमोठी कामं केली, वातानुकूलित ऑफिसांत केली, पण तसा आनंद परत झाला नाही.

दादाचा स्पीड महिन्याभरात वाढला. त्याने टर्मिनलला साचाच म्हणायला सुरुवात केली. "माझा साचा पुसून ठेव गं." नवा एडिटर हळूहळू सगळ्यांनीच घेतला. पहिल्या पाळीला दादा, आणि त्याच टर्मिनलवर दुसऱ्या पाळीला त्याचा जोडीदार. हा शिवडीच्या कोळीवाड्यातला. बापाची होडी होती, पण हा मिलमध्ये गेला, तोसुद्धा साच्यावर, आणि संपात दादासारखाच रस्त्यावर आला. त्यालाही दादानेच आणलं होतं. दोघांची जोडी अशी जमली की साहेब खूष. मोठमोठ्या फायली दादा सकाळी सुरू करायचा आणि जोडीदार संध्याकाळी संपवून ठेवायचा.

आता जे सांगते ते मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असायला कुणी मला सांगायला हवं होतं, आणि त्या दोघांना त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

मिलमध्ये पाळी बदलते तेव्हा साचा थांबवत नाहीत. दुसऱ्या पाळीचा जोडीदार थोडा आधी येतो, चालत्या साच्यावर हात ठेवतो, आणि पहिला निघून जातो. आपलं काम कुठपर्यंत झालं ते कळावं म्हणून कापडावर खडूची खूण करायची, बस. आणि तागा, म्हणजे कापडाचा पूर्ण लांबीचा गठ्ठा, पुरा झाल्याशिवाय कापून उतरवायचा नाही. अर्धा तागा कापला तर तो माल खराब. ही गोष्ट त्यांच्या हाडात मुरलेली.

मी दादाला फाईल सेव्ह करायला शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी, तीनतीनदा. त्यालाही ते पक्कं समजलं होतं. सेव्ह करणं म्हणजे तागा उतरवणं, असं त्याला समजलं होतं. म्हणून तो फाईल पुरी झाली की सेव्ह करायचा, त्याआधी नाही. पाळी संपली की मजकुरात दोन चांदण्या, म्हणजे ताऱ्याची चिन्हं, टाकायच्या, ही त्याची खडूची खूण, आणि चालू साचा जोडीदाराच्या हवाली करून घरी जायचं. जोडीदार चांदण्या पुसायचा, पुढे विणायचा, आणि संध्याकाळी तागा उतरवायचा. महिनोन्महिने हे असंच चाललं आणि कधी एक ओळ इकडची तिकडे झाली नाही. मी रोज सकाळी फायली तपासायचे, सगळ्या जागच्या जागी असायच्या. मग कशाला विचारेन?

श्रावण आला. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "तुझ्या भावाचं पत्र टाईप करायला घेतलंय. गणपतीच्या आधी देऊन टाकू." मी घरी येऊन आईला सांगितलं. दादाला सांगू नको म्हटलं, तर तिने संध्याकाळच्या आत सांगितलं. दादा उठला आणि दाढी करून आला. संध्याकाळी दाढी!

नारळी पौर्णिमेला जोडीदाराची सुट्टी. त्या दिवशी कोळी माणूस कामावर येत नाही, प्रत्यक्ष ब्रह्मदेवाने बोलावलं तरी. त्याच्या जागी साहेबांनी आपल्या गिरगावच्या ऑफिसातून एक मुलगी पाठवली. जुन्या मुंबईकर घरातली, आजोबांपासून सगळे कारकून नाहीतर वकील, बोलणं एकदम स्वच्छ, हात विजेसारखा. वाईट म्हणावं असं तिच्यात काही नव्हतं. असतं तर मला बरं पडलं असतं.

मी दुपारी प्रिंटरच्या रिबिनी आणायला फोर्टला गेले होते. परत आले तेव्हा पार्टी, म्हणजे ज्यांचा कॅटलॉग होता तो माणूस, साहेबांच्या केबिनमध्ये बसून होता आणि साहेबांचा चेहरा पडला होता. दादाने सकाळभर टाईप केलेली पानं यंत्रात नव्हती. उरलेलं थोडं दुसऱ्या पाळीत पुरं झालं की तीच न्यायला तो आला होता.

मी मुलीला विचारलं, "तू आलीस तेव्हा पडद्यावर काय होतं?"

"कुणाचं तरी काम उघडं होतं," ती म्हणाली. "आमच्याकडे दुसऱ्याचं उघडं दिसलं तर बाहेर पडायचं आणि आपल्या नावाने आत यायचं, असा नियम आहे. मी बाहेर पडायला लागले तर ते नाही म्हणालं. सेव्ह केलेलं नाही म्हणालं. मला वाटलं, कुणीतरी सराव करून सोडून दिलंय. मध्येच चांदण्याबिंदण्या होत्या. म्हणून उद्गारचिन्ह दिलं."

उद्गारचिन्ह म्हणजे, मला विचारू नको, टाकून दे आणि बाहेर पड. एडिटरने तिचं ऐकलं. तो बिचारा काय करणार, मीच त्याला ऐकायला लावलं होतं. शोधाशोध केली, पण टाकून दे म्हटल्यावर तो काही मागे ठेवत नसे.  मी त्या मुलीला पाणी दिलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन भिंतीवर हात आपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी दादाला आणि मला केबिनमध्ये घेतलं.

"सेव्ह का नाही केलंस?"

"तागा पुरा झाला नव्हता, साहेब."

साहेबांना काय कळणार कप्पाळ! मला मात्र त्या एका वाक्यात सगळं कळलं, चांदण्या, जोडीदार, सगळं.  मी समजावायला लागले तर साहेबांनी हात वर केला. ते म्हणाले, "हे बघ, पार्टीला मला काहीतरी सांगायला हवं. हा एडिटर तुझ्या बहिणीने बनवलाय, विकतचा नाही. त्यातच काहीतरी बिघाड झाला असेल. तसं लिहून दे, मी त्यांना दाखवतो, विषय संपला. तुझं पत्र तयार आहे."

हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो असा. मी लगेच म्हटलं, "हो साहेब, बिघाडच आहे त्यात. मी देते लिहून. मी त्यातलं बरंच काहीतरी छाटलं होतं, त्यानेच झालं असणार." धडधडीत खोटं, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही.

दादाने माझ्याकडे बघितलं. "गप्प बस तू," म्हणाला. मग साहेबांना म्हणाला, "साचा चांगला आहे, साहेब. साच्यात काही नाही. माल माझ्या पाळीत गेला. माझ्या नावावर लिहा."

"अरे, पण मी सांगतोय ना..."

"चांगल्या साच्याला खराब कशाला म्हणायचं? तो तिने बनवलाय."

साहेबांनी बराच वेळ पेन उघडलं, बंद केलं. शेवटी म्हणाले, "मग लगेच कायम करणं मला जमणार नाही. वरती भागीदार आहेत, त्यांना काय सांगू? तू असं कर, परत पहिल्यापासून सुरू कर. टेम्पररी. पुढच्या गणपतीला बघू."

दादा उठला. "नाही साहेब," म्हणाला. नमस्कार केला आणि निघाला.

मी धावत त्याच्या मागे जिन्यावर. तळपायाची आग मस्तकात गेली होती. "डोकं फिरलंय का तुझं? एक वर्ष! एक वर्षाचा प्रश्न आहे! आणि लिहून दिलं असतंस तर तोही नव्हता! माझ्या एडिटरला नाव ठेवलं असतं तर काय माझी बोटं झडली असती?"

तो पायरीवर थांबला. म्हणाला, "संपानंतर मिल परत सुरू झाली तेव्हा मला पण बोलावलं होतं."

हे मला माहीत नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही जगाला सांगत होतो की मिलने त्याला घेतला नाही.

"खात्याच्या साहेबाने निरोप पाठवला होता. म्हणाला, ये, पण नवीन म्हणून ये. बदलीत पहिल्यापासून. आधीची सगळी वर्षं पुसली. मी म्हटलं, नाही येत." मग म्हणाला, "तेव्हा नाही म्हटलं. आता हो कसं म्हणू गं? मग तेव्हाच म्हणायचं होतं ना."

  तो उतरून गेला आणि दुपारच्या आत रे रोडच्या वखारीत परत लागला.

ती गेलेली पानं त्या मुलीने आणि मी मिळून त्याच सकाळी परत टाईप केली. एकीने वाचायचं, एकीने मारायचं. जेवणाच्या सुट्टीआधी झाली. पार्टी येऊन घेऊन गेली, एक दिवसाच्या उशिराबद्दल बोललीसुद्धा नाही. मी रिकाम्या टर्मिनलसमोर बसून राहिले. इतकंच होतं ते. एका सकाळचं काम.

जोडीदार पौर्णिमेनंतर आला, सगळं ऐकलं, आणि चक्क रडला. "एक दिवस होडीवर गेलो रे," म्हणत होता. मी त्याला रोज मधून मधून सेव्ह करायला शिकवलं. तो करायचा, पण दर वेळी आधी माझ्याकडे बघायचा.

गणपती झाले. दादाची जागा रिकामीच होती. साहेबांनी ती त्या मुलीला दिली, कायम म्हणून. पत्रही दिलं. त्यात गैर काय? तिचा हात चांगला, वागणं चांगलं, जागा भरायलाच हवी होती. मला तिचा राग करता आला नाही, म्हणून मी साहेबांचा केला, भागीदारांचा केला, मिलचा केला आणि दादाचा तर सगळ्यात जास्त केला.

एका रविवारी ती मुलगी पेढे घेऊन आमच्या चाळीत आली. गिरगावहून डिलाईल रोडला, घर विचारत विचारत. दादा गॅलरीत बसून पायातली कुसळं काढत होता, लाकडाची.

"दादा, मी मुद्दाम तुमच्याकडे आले," ती म्हणाली. "मला फार वाईट वाटतं."

"बस गं," दादा म्हणाला. "तू नियमानेच केलंस. पत्र मिळालं?"

तिने पर्समधून काढून दिलं. दादाने हात लुंगीला पुसले, मग पत्र धरलं. इंग्रजी होतं. ओठ हलवत, ओळीखाली बोट फिरवत त्याने ते वाचलं, वरच्या तारखेपासून खालच्या सहीपर्यंत. एका शब्दावर थांबला. "कन्फर्म्ड म्हणजे कायमच ना?"

"हो," ती म्हणाली.

"चांगलं लिहिलंय." त्याने पत्र होतं त्याच घड्यांवर घडी करून परत दिलं. "जपून ठेव." असलं पत्र त्याच्या हातात आयुष्यात तेवढं एकदाच आलं.

आतून आईच्या कानावर तो शब्द गेला असावा. ती लगबगीने बाहेर आली, चेहरा फुललेला. "झालंस काय रे कायम?"

दादा म्हणाला, "ही झाली, आई. ही पोरगी."

आई त्या मुलीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे, मग दादाकडे. तो पेढ्याचा पुडा सोडवत होता. "बरां झालां गो बाय," आई म्हणाली, आणि आत गेली. बाहेर आली ती कुंकवाचा करंडा आणि एक नारळ घेऊन. मुलीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि नारळ तिच्या हातात दिला. दादा कायम झाला की देवापुढे वाढवायचा म्हणून तिने तो श्रावणातच आणून ठेवला होता.